एक मिनिट गप बसा

पोलंडमधल्या ज्या शहरात मी चार वर्षं राहतेय, त्याचं नाव आमच्या घरात अजून कुणाला धड घेता आलेलं नाही. ‘वुच’. आई ‘वूज’ म्हणते, काका ‘उंच’ म्हणतात आणि आजी ‘तुझं त्ये गाव’ म्हणून मोकळी होते. पोलिशमध्ये त्याचा अर्थ होडी. शहराच्या चिन्हातही होडीच आहे, पण होडी घालावी अशी नदी गावात नाही. होते ते ओढे शहर वाढताना जमिनीखाली गेले. एकोणिसाव्या शतकात कापसावर फुगलेलं हे शहर, 1989 नंतर गिरण्या पटापट बंद पडल्या. 1948 साली तिथे फिल्म स्कूल निघालं होतं, त्यापायी मी गेले. शिक्षण संपलं, आता दुसऱ्यांच्या माहितीपटांचं संकलन करते आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एक ओढते आहे.

तो सुरू झाला भांडणातून. माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते. तिकडे रात्री दहा ते सकाळी सहा आवाज न करण्याची रीत आहे आणि लोक ती मनापासून पाळतात. बाई दहाला टीव्ही बंद करायची आणि सहाच्या ठोक्याला असा लावायची की माझ्या टेबलावरचे चमचे थरथरायचे. दोन हिवाळे काढल्यावर मी चार वाक्यं पाठ करून खाली गेले. तिने दार उघडलं, माझं भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नाही. माझ्या ओठांकडे बघत होती. मग म्हणाली, तोंड नीट उघडून बोल, मी तीस वर्षं विणकाम खात्यात होते.

मी भांडण विसरले. माझे आजोबा असंच बघायचे. परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, एकवीस वर्षं.

म्हणून या जानेवारीत सहा दिवस साताऱ्याला आले, सोबत आवाज नोंदवणारी माझी पोलिश सहकारी. छप्पन्न वर्षांची बाई, कमी बोलते, सिगरेटी जास्त. आई तिचीही गिरणीतलीच. गावाने पहिल्या संध्याकाळी तिचं ‘मडम’ करून टाकलं, मीही तेच चालवते.

12 जानेवारी

विमानतळावरून थेट लोअर परळ. मडमला गिरणी बघायची होती. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे हे मी सांगितलेलं, तरी ती धुराड्याखाली उभी राहून विचारत होती की साचे नेमके कुठे होते. मी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, कुठल्या ब्रँडचं दुकान आहे ते?’ मला हसू आलं, पण हसायला तोंड नव्हतं. वुचमध्ये उतरल्यावर पहिल्याच दिवशी मी घरात घालायच्या सपाता घेतल्या, त्या पोझ्नान्स्कीच्या गिरणीत. लाल विटांचं ते आवार 2006 पासून बाजार आहे. तेव्हा मीही कुणाला काही विचारलं नव्हतं.

परळ डेपोतून सातारा गाडी. आजोबा याच डेपोतून दिवाळीला यायचे, ट्रंकेवर बसून. मडम खिडकीशी, मांडीवर रेकॉर्डर. पनवेलपर्यंत तिला शेजारच्या मावशींनी पोरं किती, नवरा काय करतो, सिगरेट कशाला ओढते, हे सगळं मराठीतून विचारून झालं होतं आणि उत्तरं न मिळताही त्यांचं समाधान झालं होतं. वुचच्या ट्राममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. सुरुवातीचे सहा महिने मला वाटायचं, डब्यात काहीतरी वाईट घडून गेलंय आणि मला तेवढं सांगितलेलं नाही. आता सवय झाली. इतकी, की या मावशींनी ‘कुणाची गं तू?’ म्हटल्यावर मी दचकले.

खंबाटकी घाटात गाडी तापली, वीस मिनिटं उभी. लिंबखिंडीत उतरलो तेव्हा अंधार पडला होता. पुढे उसाच्या ट्रॅक्टरमागून गावापर्यंत. दोन ट्रॉल्या, त्यावर लाल-हिरवे दिवे, आणि एवढ्या मोठ्याने गाणं की मडमने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले. आजीने उंबऱ्यात दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग मडमची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘दमलासा?’

आजीचं बोलणं असंच. आधी समोरच्याचं तोंड वळवायचं, मग ओठ मोठे करून, खड्या आवाजात बोलायचं. लहानपणी मला ती रागावलीये असं वाटायचं.

13 जानेवारी, भोगी

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. शूटिंग जिथे होतं त्या प्रत्येक जागेचा रिकामा आवाज वेगळा नोंदवून घ्यावा लागतो. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, नुसती खोली एक मिनिट ऐकायची. त्याला रूम टोन म्हणतात. संकलनात दोन वाक्यांमध्ये चीर पडते, तिथे तो भरतात. नाही भरला तर प्रेक्षकाला कान बंद झाल्यासारखं वाटतं. प्लास्टर मारल्यावर जोड झाकायला चुन्याचा हात फिरवतात, तसंच. वुचमध्ये मी शंभर तरी ठिकाणी रूम टोन घेतला असेल. दार लावायचं, ‘चिशा!’ म्हणायचं, म्हणजे शांतता, आणि एक मिनिट मिळतो.

आजीच्या स्वयंपाकघरात आज सकाळी सातपासून प्रयत्न चालू. पहिल्यांदा अठराव्या सेकंदाला दूधवाला. मग शेजारच्या घरात मिक्सर. मग देवळातला भोंगा. मग आजीच, ‘च्या ठिवू का?’ पाचव्या वेळी मी वैतागून सगळ्यांना ओट्याजवळ उभं केलं आणि म्हटलं, एक मिनिट शांत राहायचं आहे. काका, काकू, चुलतभाऊ, दळण घेऊन आलेली शेजारीण, सगळे ताठ उभे राहिले, माना खाली, हात समोर बांधलेले. पंधरा-वीस सेकंद सुंदर गेली. मग शेजारीण काकूच्या कानाशी लागली, ‘पन गेलं कोन?’

मडमला मी भाषांतर करून सांगितलं. ती इतकी हसली की बूम, म्हणजे माइकची लांब काठी, हातातून सुटला. बूमवरचं केसाळ कव्हर बघून पोरांनी त्याला मुंगूस नाव ठेवलंय.

या पडण्यात केबल गेली. खरखर यायला लागली. पुण्याहून भाड्याने आणलेल्या संचातली दुसरी केबल तर बंदच निघाली. पैसे घेताना तपासून देतो म्हणाले होते. गावातल्या मंडपवाल्या पोराने सोल्डरिंग गन काढून आठ मिनिटांत जोड मारून दिला, पैसे घेतले नाहीत आणि आपला साऊंड दाखवायला घेऊन गेला. छातीइतके स्पीकर, दोन थर. ‘मडमला सांगा, बेस आपल्याकडं बी कमी न्हाय.’ मडमने गंभीरपणे हात लावून पाहिला.

दुपारी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी. आदल्या दिवसाचं आंबील उरलेलं तेही मडमने मागून घेतलं आणि दोन घोट घेतल्यावर ‘झुरेक!’ म्हणाली. राय नावाच्या धान्याचं पीठ आंबवून तिकडे आंबट सूप करतात, त्याचं हे नाव. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारला अंधार पडायचा तेव्हा, कँटीनमध्ये झुरेक पिताना मला आंबील आठवलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

14 जानेवारी, संक्रांत

काम नाही. तिळगूळ, हळदीकुंकू. मडमला काकूचं काळं लुगडं नेसवलं, वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी मिळाली. सगळ्यांचे सण सारखेच दिसतात असं मी एरवी म्हणणार नाही, पण 6 जानेवारीला तिकडे दाराच्या चौकटीवर खडूने तीन राजांची आद्याक्षरं आणि सालाचे आकडे लिहितात, ते मडमने आजीच्या दारावर लिहून दाखवलं. आजीने बाजूच्या ‘शुभ लाभ’कडे बघून विचारलं, ‘साल कशापायी? पुढच्या वर्साला पुसायचं?’ मडम म्हणाली, हो. आजीला ते फुकटचं काम वाटलं.

15 जानेवारी

बारा मोटेची विहीर. आमच्यापासून शेरी लिंब एवढं जवळ, की लहानपणी आम्ही तिला बघायची जागा समजतच नव्हतो. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, पुढे पायऱ्यांची लांब वाट, वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट रुंद. मधल्या पुलावर छोटा राजवाडा. बारा मोटा एका वेळी चालायच्या म्हणून हे नाव.

तिला इथे मी आणलं ते वेगळ्याच कारणाने. साच्यांचा आवाज आता मिळत नाही. मुंबईत आवाज घ्यावा असं साचेखातं मला तरी सापडलं नाही. वुचमध्ये गायरच्या पांढऱ्या गिरणीत कापडाचं संग्रहालय आहे, तिथे जुने साचे प्रेक्षकांसाठी फिरवून दाखवतात, तो आवाज आमच्याकडे आहे. पण तो तिथल्या छताचा आवाज. आडवा धागा नेणारा धोटा सारखाच आपटतो, भिंती मात्र आपापलं बोलतात. मला दगडी, उंच, ओलसर जागेचा घुमारा हवा होता, म्हणजे तो आवाज त्यात बुडवून पाहता येईल.

घुमारा कसा पकडतात? फुगा फोडून. एकच टणक आवाज करायचा आणि जागा त्याला काय करते ते शेवटच्या कणापर्यंत नोंदवायचं. मग संगणकावर तेच दुसऱ्या कुठल्याही आवाजाला लावता येतं. सातारच्या राजवाड्यापाशी फुगेवाल्याकडून दहा फुगे घेतले होते. आम्ही पायऱ्या उतरलो, मी पुलाखाली फुगा धरून उभी, मडम पाण्याजवळ. वर तोवर शाळेची पोरं जमली होती. एकाने विचारलं, ‘ताई, कुणाचा वाढदिवस?’ मी बोटाने गप केलं. मडमने वर बघून म्हटलं, ‘चिशा!’ आणि आश्चर्य म्हणजे पोरं गप झाली.

टाचणी लावली. फट्.

ते ‘फट्’ भिंतीवरून भिंतीवर गेलं, खाली पाण्याला लागून परत आलं, पुलाच्या कमानीखाली थोडं रेंगाळलं. मग सगळी कबुतरं एकदम उठली. कमानीतून, कोनाड्यांतून, राजवाड्याच्या खिडक्यांतून, पन्नासेक तरी असतील. त्यांच्या पंखांचा आवाज विहिरीत असा भरला की मी नकळत कानांवर हात ठेवले. मडम डोळे मिटून उभी होती. आवाज विरायला लागला, तोच वरून तीस पोरं एका सुरात ओरडली, ‘चिशाऽऽ!’

फुग्याचा आवाज त्या दिवशी एकही नीट मिळाला नाही. नऊ फुगे फोडले, नऊ वेळा कबुतरं. दहावा पोरांना दिला. संध्याकाळी मडमने ती नोंद मला ऐकवली आणि विचारलं, तुझे आजोबा साचेखात्याबद्दल काय सांगायचे? मी म्हटलं, एकदाच सांगितलं होतं, दुपारची पाळी सुटली की कानात पाखरं उडायची. ती काही बोलली नाही. फाइलला नाव दिलं आणि दोन ठिकाणी साठवली.

16 जानेवारी

सकाळी मेढ्याच्या पुढे एका वस्तीवर. जावळी तालुक्यातली घरंच्या घरं मुंबईवर जगली. गडी परळ-लालबागला, बायका इथे शेताला. आज भेटलेले आजोबा ब्याऐंशी वर्षांचे. सहा जणांच्या गाळ्यात दहा जण, पाळीपाळीने झोपायचं, एक उठला की त्याच्या गरम वळकटीत दुसरा. त्यांनी चार साचे चालवून दाखवले, हवेत. तुटलेला धागा दोन बोटांत धरून जिभेला लावायचा, ओवायचा, खटका ओढायचा, मान वळवून दुसरा साचा. साच्यांच्या आवाजात हाका मारून उपयोग नाही म्हणून पलीकडच्या रांगेतल्या माणसाशी ओठांनी बोलायचं. ‘जॉबर आला’, म्हणजे मुकादम आला, हे कसं म्हणायचे ते त्यांनी करून दाखवलं. नुसते ओठ, आवाज शून्य. मडमने हातातला रेकॉर्डर खाली ठेवला आणि आपल्या आईचं करून दाखवलं, पोलिशमध्ये. दोघं पाच मिनिटं एकमेकांकडे बघून ओठ हलवत होती. हे माझ्याकडे चित्रात आहे. आवाजाच्या पट्टीवर फक्त कोंबडा आहे.

गिरणी संप सुरू झाला तो 18 जानेवारी 1982 ला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्याआधी सहा महिने, 30 जुलै 1981 ला, वुचच्या मुख्य रस्त्यावरून हजारो बायका रिकाम्या पातेल्यांनिशी, पोरांच्या गाड्या ढकलत चालल्या होत्या, दुकानांत अन्न नाही म्हणून. मडम तेव्हा शाळेत होती, आईचा हात धरून त्यात चाललेली. मी हे त्या आजोबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘मग मिळालं का?’ आणि आमच्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, ‘आमचा संप अजून चालूच हाय. मागं घेतला म्हून कुनी सांगितलंच न्हाय.’ ते खरंच आहे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही.

परतताना सगळ्यांच्या आग्रहास्तव पाचगणी. परदेशी पाहुणा आला की त्याला पाचगणीला नेलं नाही तर गावाचं नाक जातं. टेबललँड, घोडे, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, गर्दी. मला तिथे काही सुचलं नाही. मडमनेच सांगितलं की महायुद्धात रशियाने हद्दपार केलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे इकडे आली होती, पाचेक हजार माणसं 1943 ते 48 कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिली आणि त्यातली आजारी पोरं हवापालटाला पाचगणीला असायची. घोडेवाल्याला तिने त्याच्या सावलीत उभं राहून सिगरेट पेटवून घेण्यासाठी वीस रुपये दिले.

17 जानेवारी

परतीची गाडी दुपारी दोनची. सकाळी शेवटचा प्रयत्न. आजीचं स्वयंपाकघर. काकांनी मिक्सरवालीला सांगून ठेवलेलं, चुलतभाऊ दूधवाल्यासाठी वेशीवर उभा, देवळातला भोंगा आटपलेला. पोरं ओट्यावर बसून स्वतःच ‘चिशा’ म्हणत होती. आजी चुलीजवळच्या पाटावर, हात मांडीत. मडमने मुंगूस वर धरला.

एक मिनिट मिळाला. अख्खा. साठ सेकंदांनंतर मडमने अंगठा दाखवला आणि काय पकडलं ते मला फोनवर दाखवलं. लहरींचा आलेख, त्यात शंभरच्या आकड्यावर एक उंच रेघ. फ्रिज. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, पोलंडचीही तेवढीच. त्यामुळे यंत्रं पन्नासच्या पटीत गुणगुणतात. अमेरिकेत साठ, तिथला फ्रिज वेगळ्या पट्टीत. माझ्या वुचच्या खोलीत, पहिल्या हिवाळ्यात, बर्फ पडून बाहेरचे सगळे आवाज बंद व्हायचे तेव्हा हीच पट्टी रात्रभर चालू असायची. ती ओळखीची का वाटायची ते मला आज, इथे, आजीच्या खरकट्या भांड्यांसमोर कळलं. संकलनात मला त्याचा फायदाही आहे: तिकडच्या म्हातारीच्या खोलीतून इकडच्या स्वयंपाकघरात येताना जोड लागणार नाही.

आजीला वाटलं काहीतरी बिघडलं. ‘काय झालं गं?’ मडमने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवले, पदराच्या वरून, आणि आवाज वाढवला. आजी आधी हसली. मग हात हलवला तर बांगड्या वाजल्या, ते तिला कानात ऐकू आलं. तिने पुन्हा हलवला. चुलीतलं लाकूड तडकलं तशी मागे सरकली. चिमणी. नळाचा थेंब. फ्रिज. बराच वेळ काही बोलली नाही. मग हेडफोन काढून मडमच्या हातात देत म्हणाली, ‘लई गोंगाट हाय की हितं.’ आणि उठता उठता, भांड्यांकडे वळून, ‘ह्ये मशीन त्येंना पायजे हुतं.’

लिंबखिंडीपर्यंत ती सोडायला आली, काका नको म्हणत असताना. हातात भडंगाची आणि कंदी पेढ्यांची पिशवी, मडमसाठी वेगळी. गाडी थांबली न थांबली तोच कंडक्टरने घाई केली. आम्ही चढलो, रेकॉर्डर पिशवीत, पिशवी वरच्या फळीवर. मागे ट्रॅक्टर अडकलेला, त्याचं गाणं, ट्रकचे हॉर्न, आमच्या गाडीचं इंजिन. मी खिडकीची काच सरकवायला गेले, ती अडकली होती. आजी खाली उभी राहून काहीतरी म्हणाली. ओरडली नाही. मान थोडी वर केली, ओठ मोठे केले, सावकाश.

पोचल्यावर फोन कर.

मी ओठांनीच ‘हो’ म्हटलं.